ब्रेकच्या तारेवरची पोत

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "सुलोचनाताई, तुमच्या मणीकामाच्या छंदाविषयी थोडं लिहा ना." छंद हा शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. छंद आमच्या धनराजला होता, भजनाचा. त्यात त्याचा गळा बसायचा आणि शेजाऱ्यांची झोप उडायची. मी करते ते काम आहे. मोहाडीच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून मी पोत विकते, नवी ओवून देते, जुनी नीट करून देते. त्यावर माझी चूल पेटते. बोटांना घट्टे पडलेत, डोळ्यांना जाड चष्मा लागलाय, आणि हे छंदानं होत नाही. लिहीन तर कामाविषयी लिहीन, असं मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो हो, तेच म्हणत होते मी." बरं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोत म्हणजे काळ्या मण्यांची माळ, लग्नात नवरीच्या गळ्यात बांधतात ती. तुम्ही मंगळसूत्र म्हणा. सोन्याच्या वाट्या सोनार करतो आणि सगळं कौतुक त्याचं होतं. पण त्या वाट्या गळ्यात टिकतात त्या आमच्या धाग्यावर. मणी निवडायचे, बारीक-मोठे वेगळे करायचे, फुटक्या काठाचा मणी काढून टाकायचा कारण तो आतून धागा कापतो, आणि गाठ अशी मारायची की ती मानेला टोचू नये आणि सुटूही नये. हे काम आईचं पाहून पाहून माझ्या हातात आलं. तिनं एकच गोष्ट तोंडानं शिकवली. माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा तो आधी तोडायला द्यायचा, मग घालायला. मी अजून तसंच करते. पोत तयार झाली की तिचं एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि म्हणते, "ओढा बाई, जोरानं ओढा." बायका लाजतात, हळूच ओढल्यासारखं करतात. मी म्हणते, "असं नाही, भांडण झाल्यावर ओढता तसं." मग हसतात आणि ओढतात. तुटली तर पुन्हा ओवून देते. तुटत नाही.

पोतीशिवाय मी गळ्यातल्या रंगीत माळा करते, कानातले करते. लोक सगळ्यात आधी विचारतात, माल कुठून आणता? काळे मणी बाहेरून येतात, नागपूरच्या इतवारीतून लडीच्या लडी घेऊन येते. पितळेचे मणी भंडाऱ्यात भांडी घडवणाऱ्यांकडून. बाकीचं सगळं पायाखालचं आहे, फक्त वाकावं लागतं. धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, कडेला ओल राहते तिथं कसई नावाचं गवत येतं. त्याचा दाणा राखाडी, चकचकीत, आणि आरपार भोक घेऊनच जन्माला येतो. इतका शहाणा दाणा मी दुसरा पाहिला नाही. गुंज कुंपणावर चढते, लाल अंगाची आणि काळ्या डोळ्याची. ती पोटात गेली तर विष आहे, म्हणून मी तिला भोक पाडत नाही, लाखेच्या मण्यात दाबून बसवते आणि लेकुरवाळीला ती माळ विकत नाही. लाख पळसाच्या आणि कुसुमाच्या फांदीवरची. निखाऱ्यावर मऊ करून तळहातावर वळायची. तळहात भाजतो, मग सवय होते. धागा कोशाचा. आमच्याकडं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात, आणि मागावर उरलेली तोडकी टोकं मी विणकरांच्या घरून पिशवीभर उचलून आणते. त्याचे तीन पदर पिळायचे, मेण ओढायचं. असा धागा झाला की त्यावर बादली लटकवा.

तळ्यातून येतो तो कमळगट्टा. कमळाचं फूल गळून पडलं की मागं शॉवरच्या तोटीसारखं एक बोंड राहतं, त्यात बिया असतात. हिरव्या असताना पोरं खातात. वाळल्या की काळ्या आणि दगडासारख्या होतात. त्यांना भोक पाडताना माझ्या सुया मोडायच्या. धनराजचं वरठीला स्टेशनाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कारखान्यात जाणारे लोक सायकली त्याच्याकडं टाकून कामावर जायचे आणि परत येताना हवा भरून घ्यायचे. माझ्या मोडक्या सुया पाहून त्यानं चाकातली एक जुनी तार घेतली, टोक ठोकून चपटं केलं, घासून धार काढली आणि लाकडाच्या मुठीत बसवली. वर दोरीचा पीळ. दोरी मागं-पुढं ओढली की तार गरगर फिरते. पहिल्या कमळगट्ट्याला भोक त्यानंच पाडलं, आणि इतका खूश झाला की घरातल्या सुपारीलासुद्धा भोक पाडून ठेवलं.

नवऱ्याचं नाव घेतेय म्हणून काहींच्या भुवया वर जातील. आमच्याकडं बायका म्हणायच्या, नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी रोज हाका मारून घेत होते. त्यानं काही कमी झालं नाही. जे कमी झालं ते बिडीनं.

एकदा नागपूरला एका प्रदर्शनात टेबल मिळालं होतं. तिथं एका मुलीनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून विचारलं, "आजी, तुमचं इन्स्पिरेशन काय?" मी म्हटलं, "बेटा, डोळे उघडे असतात, एवढंच." खोटं नाही. आमच्या भागात सारस पक्षी येतात, जोडीनं. सगळं अंग राखाडी, डोकं तेवढं लाल. एक जोडी बांधीत उभी दिसली आणि घरी येईपर्यंत माळ डोक्यात तयार होती. सगळा सर कसईचा, आणि मध्ये लाखेत बसवलेली एकच गुंज. अजून ती माळ सगळ्यात जास्त खपते. धानाची लोंब वाकते तसे लोंबते कानातले केले. एका वर्षी धनराजनं सायकलच्या चाकाच्या तारांत घालायचे प्लास्टिकचे रंगीत मणी आणून दिले. "हे पाह्य, किती चमकून राहिले. माळ कर." मी म्हटलं, ते चाकातच शोभतात. तो आठवडाभर रुसला. शेवटी मी त्याची एक माळ करून त्याच्याच सायकलच्या हँडलला बांधली.

आता खरं सांगायचं आहे त्याकडं येते. ते एका शब्दावरून सांगावं लागेल.

एका बाजाराच्या दिवशी जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधली एक बाई आली. उत्तरेकडची होती, बदलीवर नवी आलेली. माझ्या पुढ्यात गर्दी होती. ती दुरूनच ओरडली, "दीदी, मेरा मंगलसूत्र टूट गया, जल्दी जोड दो!" सगळ्या बायकांनी माना वळवल्या. एकीनं तर कानाला हात लावला. कारण आमच्यात पोत तुटली असं कुणी म्हणत नाही. पोत वाढली म्हणायचं. बांगडी फुटली तरी वाढली. अपशकुन नको म्हणून उलटा शब्द. त्या बिचारीला काय माहीत! मी तिला समजावून सांगितलं तर तिनं डोळे मोठे केले. "टूटने को बढ़ना बोलते हो? तो बढ़ा ही दो, दो-चार मोती और डाल दो." मी खूप हसले आणि तिला चार मणी जास्त घालून दिले. ती विसरली असेल. मी विसरले नाही.

त्याच हिवाळ्यात माझीच पोत वाढली. तळ्यावर गेलो होतो, मी आणि धनराज. मी कमरेपर्यंत पाण्यात, बोंड ओढत होते. देठ तुटेना, पोत आणि देठ एकमेकांत अडकले आणि सटकन धागा गेला. मणी चिखलात. वाट्या तेवढ्या हाताला लागल्या. दुसऱ्यांच्या पोती ओवणारीची स्वतःची पोत तुटली आणि तीही भर पाण्यात, मला तर रडूच आलं. धनराज काठावरून म्हणाला, "रडतं काहून? कोसा ओला झाला तं कमजोर होते, तूच सांगतं ना साऱ्यायले. थांब, तुह्यासाठी मी धागा देतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून सायकलच्या ब्रेकची वायर आणली. ती एक तार नसते, बारीक-बारीक तारा पिळून केलेली असते. त्यातली एक त्यानं पकडीनं सोडवून काढली, केसाहून थोडी जाड. मी म्हटलं, गळ्यात काय ब्रेक घालू? तो म्हणाला, "घाल. तुले ब्रेक पाह्यजेच हाय." मी त्यावर काळे मणी ओवले. टोकं त्यानंच पकडीनं वळवून वाट्यांच्या मागं दाबून टाकली, वरून मी कोशाचा धागा गुंडाळला. बाहेरून कुणाला काही कळत नव्हतं. त्यानं दोन्ही टोकं धरून ओढून दाखवलं आणि म्हणाला, "आता बैल जुंपला तरी नाई तुटत." मी म्हटलं, बैलाला कशाला जुंपतोस, मी आहे ना. त्यानंतर ती पोत माझ्या गळ्यात आहे.

धनराज गेला तेव्हाचं फार लिहीत नाही. छाती भरली, दवाखाना झाला आणि तो गेला. दहाव्याला सगळे त्याच तळ्याच्या काठावर गेलो. विधी एकीकडं चालले होते. बायकांनी मला बाजूला नेलं. पुढं इंदूबाई होत्या, धनराजची मोठी बहीण, माझी नणंद. त्यांनी कुंकू पुसलं, मी पुसू दिलं. बांगड्या दगडावर वाढवल्या, मी हात पुढं केला. सगळ्या असंच करतात, आईचंही असंच केलेलं मी पाहिलं होतं. त्या दिवशी माझ्यात लढायची ताकदही नव्हती आणि इच्छाही नव्हती. मी मान खाली घातली.

इंदूबाईंनी पोतीत बोटं घातली आणि झटका दिला. काही झालं नाही. त्यांना वाटलं, झटका कमी पडला. पुन्हा दिला. तार माझ्या मानेत मागून रुतली. मग दुसरीनं धरलं, एकीनं माझे खांदे धरले, दोघींनी मिळून ओढलं. मी पुढं भेलकांडले. मानेवर कापलं, रक्त आलं. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. एक म्हणाली, "अवो, वाढतच नाई!" आणि मला हसू आलं. खरंच आलं. नवऱ्याच्या दहाव्याला रक्ताळलेल्या मानेनं मी हसले, कारण त्याचं ते बैलाचं वाक्य आठवलं. माझ्या गळ्यात तो होता, त्याच्या हातांनी दाबलेली ती टोकं होती आणि ती सुटत नव्हती. एवढ्या बायकांना तो पुरून उरला होता.

"डोक्यावर परिणाम झाला हिच्या," कुणीतरी म्हणालं. इंदूबाईंनी पोत उलटी करून पाहिली, कोशाचा धागा सरकला, तार चमकली. "अगं, हे तं लोखंड हाय! पक्कड पाह्यजे. धनराजच्या पेटीत असंन पक्कड. सुलोचने, किल्ली दे पेटीची."

किल्ली माझ्या कमरेला होती. मी तिच्यावर हात ठेवला. आत्तापर्यंत मान खाली होती, ती तेव्हा वर केली.

"नाई देत," मी म्हटलं.

"काहून नाई देत?"

"त्यानं त्याच पकडीनं बांधली. त्याच्याच पकडीनं तोडाची? मी नाई तोडू देत."

"अवो, पोत वाढवा लागते. रीत हाय."

"वाढवाचीच ना?" मी म्हटलं. "मग वाढवतो मी. तुमी काळजी नका करू बाई."

त्यांना वाटलं मी कबूल झाले. सगळ्या थकल्या होत्या, ऊन चढलं होतं, जेवणं खोळंबली होती. विषय तिथं राहिला. घरी आल्यावर मी वाट्यांच्या मागं वळवलेली टोकं सुईनं उचकून सोडवली, तारेवर दोन्ही बाजूंनी कसईचे राखाडी दाणे घातले, मधोमध वाट्यांच्या वर एक कमळगट्टा, त्याच तळ्यातला. टोकं दगडानं ठोकून पुन्हा दाबली. पोत वाढली. जवाहरनगरच्या त्या बाईनं सांगितलं होतं तशी, शब्दाप्रमाणं. आणि दुसऱ्या बाजाराला मी ती पदराखाली लपवली नाही, वर काढून बसले.

आता इथं मला कुणी शूर वगैरे म्हणू नये. मला राग आला होता. कुणा एकीवर नाही, त्या झटक्यावर. ज्या गाठीसाठी मी जन्मभर बोटं सोलली, ती गाठ टिकावी म्हणून लोकांनी माझ्याकडं यायचं आणि एका दिवशी ती तोडताना माझीच मान कापायची, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. अजून बसत नाही.

पण त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. त्या वर्षी लगनसराई आली आणि माझ्या पुढ्यातून नवरीमुलींच्या आया निघून जाऊ लागल्या. सारसाची माळ घेत, कानातलं घेत, पोतीचं नाव काढत नसत. एका बाईनं अर्धी ओवून झालेली पोत परत मागितली. तिनं मणी पिशवीत भरताना मान वर केली नाही. दुसरी तोंडावरच म्हणाली, "नवरा गेला तरी पोत घालून बसली तू, तुह्या हातची नवरीले कशी घालाची वो बाई?" मी म्हटलं, "मी हातानं ओवतो, कपाळानं नाई ओवत." ती निघून गेली. उत्तर चांगलं होतं, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. आणि पोत गेली की माझ्या कामाचा कणा गेला. माळा, कानातले ही वरकड कामं. बाजारात मला लोक ओळखतात ते पोतवाली म्हणून. ते नाव जाऊ लागलं होतं. काही बायकांनी सांगून पाहिलं, एवढं काय त्या तारेचं, काढून ठेव ना, धंदा तरी वाचेल. मी विचार केला नाही असं नाही. पुष्कळदा केला. मान झाकून बसायचं, हळूच पोती विकायच्या, कुणी विचारलं तर शेजारणीनं ओवली म्हणायचं. पण मग मी ओवलेल्या पोतीवर माझं नाव नाही. ते मला जमत नव्हतं.

अशात एका बाजाराला पल्लवी आली. पल्लवी इंदूबाईंची मुलगी, माझी भाची. तिचं लग्न ठरलेलं होतं हे मला बाहेरून कळलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं मी काही विचारलं नाही. माझ्या पुढ्यात चार-पाच बायका बसल्या होत्या. पल्लवी त्यांच्यामागं उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामी, माह्या लग्नाची पोत तूच ओवशीन. अन् तुह्यासारखी तारेवर. तुटन नाई अशी पाह्यजे मले."

तुटन म्हणाली, वाढन नाही. बायकांच्या हातातल्या माळा तिथंच थांबल्या.

"तुह्या आईनं सांगतलं का?" मी विचारलं.

"आईले मी सांगतलं. मामीनं नाई ओवली तं बोहल्यावर रिकाम्या गळ्यानंच बसतो म्हटलं."

मी तिला घरी पाठवलं. पोर हट्टी आहे, पण घर इंदूबाईंचं. त्यांनी नाही म्हटलं तर उरलेल्या बाजारालाही समजलं असतं की जवळच्या माणसांनीच हिला झिडकारलं. मग मला पोतीचं काम सोडावंच लागलं असतं.

काही दिवस कुणी आलं नाही. लग्न जवळ येत होतं. एका दुपारी मी अंगणात लाख वळत बसले होते, आणि फाटकातून इंदूबाई आल्या, मागं पल्लवी. इंदूबाईंच्या हातात काळ्या मण्यांची लड आणि रुमालात बांधलेल्या वाट्या. दहाव्यानंतर त्या पहिल्यांदा माझ्या दारात आल्या होत्या. मी उठून पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, पण प्यायला बसल्या नाहीत.

"मी तिच्या हट्टापायी नाई आली," त्या म्हणाल्या. "तुही तुटली नाई म्हणून आली."

मी निखारे राखेनं झाकले.

"आमी एवढ्या जणी लटकलो, तरी तुटली नाई. माह्या पोरीची तशी पाह्यजे. तिची कधी..." त्या थांबल्या. वाढली म्हणायचं होतं, की तुटली म्हणायचं होतं, त्यांनाच ठरवता आलं नाही.

"अन् माह्या कपाळाचं काय, बाई?" मी विचारलं. "नवरीची पोत ना ही?"

"कपाळ राहू दे. तार दाखव."

आता हे वाचून कुणाला वाटेल की त्यांचं मन बदललं. मला नाही तसं वाटलं. आईला पोरीची काळजी होती, त्या काळजीपुढं त्यांनी रीत बाजूला ठेवली. ज्या समजुतीनं मला बाजूला टाकलं होतं, तीच समजूत त्यांना माझ्या दारात घेऊन आली. मला चालतं. गिऱ्हाईक कोणत्या वाटेनं येतं ते मी पाहत नाही, फक्त त्यांनी माझ्या अंगणात बसून पोत घ्यावी, लपून नाही. म्हणून मी त्यांना आत न नेता पायरीवरच चटई टाकली. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बाई पाहत जात होती.

धनराजची पेटी मी तो गेल्यापासून उघडली नव्हती. किल्ली कमरेची काढली, कुलूप जरा अडलं, मग उघडलं. आत त्याच्या बिडीचा आणि ग्रीसचा वास होता. पाने, पंक्चरचं सोल्युशन, छर्ऱ्यांची डबी, ब्रेकच्या वायरचं एक नवं भेंडोळं, आणि सगळ्यात वर पक्कड. मी ती उचलली तेव्हा इंदूबाईंनी मान दुसरीकडं वळवली. त्याचीच बहीण होती ती. तिलाही तो वास आला असणार.

पकडीनं मी वायर सोडवली, एक तार मोकळी काढली. पल्लवीच्या गळ्याचं माप घेतलं. इंदूबाईंना शेवटी बसावंच लागलं, कारण लांब तार ओवताना दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं, नाहीतर तिची गुंडाळी होते. हे काम धनराज करायचा. आता इंदूबाईंनी धरलं. मी काळे मणी सरकवत गेले, आणि त्यांच्या बोटांना थोडा थोडा ताण जाणवत असेल. ऊन कलत होतं. पल्लवी मण्यांची परडी मांडीवर घेऊन बसली होती आणि अधूनमधून फुटका मणी शोधून मला दाखवत होती. चांगली नजर आहे पोरीची.

वाट्या बसल्या. टोकं मी पकडीनं वळवून दाबली, अगदी तो दाबायचा तशी, आत वळवून, मानेला लागू नयेत म्हणून. वरून कोशाचा धागा गुंडाळला. मग नेहमीप्रमाणं पोत इंदूबाईंच्या पुढं धरली.

"ओढा, बाई."

त्यांनी माझ्या मानेकडं पाहिलं. तिथं मागच्या बाजूला अजून एक रेघ आहे.

"जोरानं ओढा," मी म्हटलं. "तुमाले ओढता येते चांगलं."

पल्लवी हसायला लागली आणि मग आईचा चेहरा पाहून थांबली. इंदूबाईंनी पोत दोन्ही हातांत धरली आणि ओढली. आधी हळू, मग दात आवळून, दहाव्याला ओढली होती तशी. तार जागची हलली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. धनराजसाठी, की पोरीसाठी, की माझ्या मानेसाठी, मी विचारलं नाही.

"नाई तुटत व," त्या म्हणाल्या.

मी पोत रुमालात बांधून त्यांच्या हाती दिली. पुढच्या बाजारापासून नवरीमुलींच्या आया पुन्हा माझ्यासमोर बसू लागल्या. आणि आता सगळ्यांना तारेवरचीच हवी असते. पण त्या दुपारी इंदूबाई फाटकापाशी पोचल्या तेव्हा मी मागून हाक मारली.

"बाई, ही पोत कधी वाढवाची असन, तं पक्कड मागाले येऊ नका. मणी घेऊन या."